झाडाची मुभा : अबुल हसन, आबालाल रहिमान आणि रझा यांच्या चित्रांतील झाड

चित्रकला आणि मुस्लिम समाज या विषयावर आपल्याकडे जे थोडेफार लेखन झाले आहे, त्यात एक विधान हमखास आढळते. सजीवांच्या चित्रणास धार्मिक अडचण असल्यामुळे मुस्लिम कलावंत वेलबुट्टीकडे, फुलापानांकडे आणि झाडांकडे वळला, असे ते विधान होय. पाठ्यपुस्तकांतून ते येते, चर्चासत्रांतील निबंधांतून येते आणि वर्गात शिकवताना आपणही ते सहज बोलून जातो. प्रस्तुत लेखात या विधानाचा विचार करावयाचा आहे. वेलबुट्टीची परंपरा नाकारण्याचा हेतू नाही. परंतु या विधानामुळे झाड हा चित्रविषय 'उरलासुरला' ठरतो. जे काढायचे होते ते काढता आले नाही, म्हणून झाड काढले, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्ष चित्रे समोर ठेवली तर हा अर्थ टिकत नाही, असे मला वाटते.

या विधानाला आधार नाही असे नाही. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला आणि आपल्या धंद्याविषयी विचारू लागला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू यांची चित्रे काढण्याचा सल्ला दिला, अशी नोंद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आपल्या शाळांतील चित्रकलेच्या तासाला या सल्ल्याची सावली आजही पडलेली दिसते. माझ्या लहानपणी तर ती फार गडद होती.

माझे बालपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात गेले. बाजाराचे नाव मराठी, दुकानांवरच्या पाट्या हिंदी, आमच्या घरात उर्दू आणि शेजारच्या वाड्यात मराठी. चित्रकलेचे आमचे मास्तर भले गृहस्थ होते. मुलांनी माणूस किंवा घोडा काढला की ते गप्प बसत आणि झाड काढले की 'बहुत अच्छा' म्हणत. त्यामुळे आम्ही सर्व जण झाड काढण्यात पटाईत झालो. दोन उभ्या रेषा, त्यांत तपकिरी रंग, वर हिरवा ढग. आंबा असो, लिंब असो वा पिंपळ, ढग तोच. ते झाड कोणते, असे मास्तरांनी कधी विचारले नाही आणि आम्हालाही तो प्रश्न पडला नाही. मुभा मिळाली होती, पाहण्याची गरज कुणी सांगितली नव्हती.

ग्वाल्हेरमध्ये हे विशेष खटकावे, कारण या शहराच्या आठवणीत एक विशिष्ट झाड पक्के बसलेले आहे. हजिरा भागात हजरत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनची कबर आहे आणि कबरीजवळ चिंचेचे झाड. त्या चिंचेचा पाला चघळला की गळा सुरेल होतो, या समजुतीने आलेल्या-गेलेल्या गवयांनी ते ओरबाडून काढले. मूळचे जुने झाड केव्हाच गेले, त्या जागी नंतरचे झाड आहे. पाटणकर बाजारात फ्रेमा बसवणाऱ्या दुकानांत तानसेनची चित्रे मिळत. त्यांत तानसेन तंबोरा घेऊन झाडाखाली बसलेला असे आणि झाडाची पाने रुंद, आंब्यासारखी असत. चिंचेचे पान तसे नसते, हे कुणाला सांगायला हवे? एका देठावर दोन्ही बाजूंनी बारीक पर्णिकांच्या दहा-पंधरा जोड्या, रात्री मिटणाऱ्या. त्यामुळे चिंचेची कडा कधी ठळक दिसत नाही, ती विरत जाते. उजेड पानाला अडत नाही, गाळून खाली येतो. हे एकदा लक्षात आले की हिरव्या ढगाने चिंच काढता येत नाही, हेही लक्षात येते. (जाता जाता : तमर-ए-हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, हे अरबांनी चिंचेला दिलेले नाव. खजुराशी तिचे काही नाते नाही. न पाहता नाव देणाऱ्यांत आमचे मास्तर एकटे नव्हते!)

आता चित्रांकडे वळू. दमिश्कच्या उमय्या मशिदीतील आठव्या शतकाच्या आरंभीच्या काचमण्यांच्या भित्तिचित्रांत माणूस नाही, पशू नाही. नदी आहे, घरे आहेत आणि घरांपेक्षा मोठी झाडे आहेत. अहमदाबादच्या सीदी सैयद मशिदीची १५७२-७३ मधील दगडी जाळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एकमेकांत गुंतणाऱ्या फांद्यांमधून बाहेरचा उजेड आत येतो आणि झाड दगडाचे की उजेडाचे, असा प्रश्न पडतो. या दोन्ही ठिकाणी झाड धर्मस्थळी आले आहे, तेव्हा सजीव टाळण्याचा नियम तेथे लागू आहे, हे मान्य. परंतु नियमाने झाडापर्यंत आणून सोडले, एवढेच. खोड कोठे वळावे, फांदीने फांदी कोठे ओलांडावी, हे नियमाने सांगितलेले नाही.

ज्या चित्रात असा कोणताच नियम लागू नव्हता, ते चित्र या दृष्टीने अधिक बोलके आहे. जहांगीरच्या पदरी असलेला अबुल हसन हा हिरातहून आलेल्या आका रिझा या चित्रकाराचा मुलगा. तो शाही आश्रयातच वाढला आणि १६१८ मध्ये जहांगीरने त्याला 'नादिर-उझ-जमान' हा किताब दिला. त्याच्या नावावर मोडणारे, १६०५ ते १६१० च्या सुमाराचे, चिनार वृक्षावरील खारींचे चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हे चित्र मन्सूरचे की अबुल हसनचे, असा वाद अभ्यासकांत झालेला आहे. आता बहुधा ते अबुल हसनचेच मानले जाते. चित्राचा बराचसा भाग एकट्या चिनाराने व्यापला आहे. फांद्यांवर खारी धावत आहेत, पक्षी बसले आहेत, आणि खाली अनवाणी पारधी बुंध्याला हात लावून वर चढू पाहतो आहे. त्या खारीही आपल्या अंगणातल्या पट्टेवाल्या खारी नव्हेत, थंड मुलखातल्या लालसर खारी आहेत.

या चित्रात माणूस आहे, प्राणी आहेत. म्हणजे 'सजीव टाळून झाड' हा हिशेब येथे लागूच पडत नाही. तरीही चित्राचा नायक झाडच आहे. का? माझ्या मते कारण असे की अबुल हसनने पान रंगवताना त्याचे वय पाहिले आहे. चिनार शरदात हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी होतो. येथे एकाच झाडावर या अवस्था शेजारी शेजारी आहेत. एक पान पुरते पिकलेले, दुसरे नुसते कडेला तांबूस. पाचबोटी पानाचा नमुना एकदा बसवून तो शंभरदा छापल्यासारखा काढणे त्याला सहज शक्य होते. दरबारी चित्रशाळांत असे नमुने चालत आणि त्या काळच्या कितीतरी चित्रांत पाठीमागची झाडे तशीच आहेत. येथे तसे घडलेले नाही. पारधी चढू शकणार नाही, हे आपल्याला बघताक्षणी कळते. बुंधा त्याच्या कवेत मावत नाही आणि त्याचे पाय नुकतेच जमिनीवरून सुटू पाहत आहेत. झाडाचे मोठेपण सांगण्यासाठी माणूस तेथे ठेवला आहे. चित्रांत बहुधा याच्या उलट घडते. माणसाची शोभा वाढवण्यासाठी झाड उभे केले जाते, पाटणकर बाजारातल्या तानसेनच्या चित्रात केले होते तसे.

अबुल हसनचे नाव निदान कलेतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत आहे. आपल्या मराठी मुलखातल्या आबालाल रहिमान यांची आठवण मात्र महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या बाहेर क्वचितच निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार म्हणून काम केलेला आणि १९३१ मध्ये वारलेला हा कलावंत. घरात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याचे काम चाले. ज्या घरात कातिबी होती, त्या घरातला मुलगा जे. जे. मध्ये जाऊन मानवाकृतीचे पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतो, दरबारासाठी व्यक्तिचित्रे आणि शिकारीची दृश्ये रंगवतो, यात तरी 'अडचण' कोठे दिसते? आणि तोच चित्रकार स्वतःच्या मनाने काढायचे झाले की रंकाळा, पंचगंगा आणि कोटितीर्थाच्या काठी जाऊन बसतो.

आबालाल यांच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतांशी त्यांच्या विरक्तीविषयी असते. कोटितीर्थाकाठची झोपडी, फकिरी वृत्ती, आणि १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर दुःखाने आपली असंख्य चित्रे त्यांनी तळ्यात बुडवल्याची आख्यायिका. ही आख्यायिका खरी असो वा नसो, तिने एक नुकसान निश्चित केले आहे. बुडालेल्या चित्रांची कथा सांगण्यात आपण इतके रमतो की जी उरली आहेत ती पाहायचे राहून जाते. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. पंचमहाभूते, संतवृत्ती, निसर्गाशी तादात्म्य अशा शब्दांनी त्यांचे वर्णन करण्याची एक पद्धत पडली आहे; तिने चित्र दिसत नाही.

ही निसर्गचित्रे पाहताना प्रथम जाणवते ती पानाची अनुपस्थिती. अबुल हसन पान मोजतो, आबालाल मोजत नाहीत. रंगाचे छोटे छोटे ठिपके आणि फटकारे यांतून काठावरचे झाड उभे राहते. जवळ जावे तर झाड नाहीसे होते, चार पावले मागे यावे तर पुन्हा जमते. झाड पाण्याकाठी असते तेव्हा ते दोनदा रंगवावे लागते, एकदा हवेत आणि एकदा पाण्यात. नवशिका चित्रकार प्रतिबिंबात वरचेच झाड उलटे उतरवतो. पाण्यातले झाड मात्र वेगळे असते, त्याच्या कडा हलतात, उजळ भाग किंचित मळतो, गडद भाग किंचित उजळतो. आबालाल यांना हा फरक नेमका ठाऊक होता, कारण ते त्याच त्या पाण्यापाशी वर्षानुवर्षे बसत होते. चित्रकार गाव बदलत नाही, विषय बदलत नाही, फक्त पहाट आणि संध्याकाळ बदलते.

कातिबाच्या घरातला म्हणून त्यांच्या हाताला अशी शिस्त आली, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह येथे होतो. मी उर्दूचा शिक्षक असल्याने तो मला अधिकच होतो. नस्तालीक लिहिताना अक्षराइतकेच अक्षरांमधल्या मोकळ्या जागेला महत्त्व असते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आबालाल यांच्या झाडांत पानांमधून दिसणाऱ्या आकाशाचे तुकडे तितक्याच काळजीने ठेवलेले आहेत. परंतु पुरावा म्हणून हे पुरेसे नाही, आणि घराणे किंवा धर्म सांगून चित्राचा उलगडा करण्याच्या ज्या सवयीवर मी टीका करतो आहे, तिचाच हा एक प्रकार होईल. म्हणून हे साम्य नोंदवून येथेच थांबतो.

ही सवय सर्वांत जास्त आड आली आहे ती सय्यद हैदर रझा यांच्या बाबतीत. रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात होते. त्यामुळे पहिली वर्षे सालवृक्षांच्या घनदाट जंगलाच्या सोबतीने गेली. शिक्षण १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत, पुढे जे. जे. मध्ये, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते एक संस्थापक. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, हे राहिले. १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि २०१० च्या अखेरीस परत आले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.

रझा म्हटले की 'बिंदू' हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की बाकी काही बोलायला जागाच उरत नाही. बिंदू म्हटला की दोन प्रकारचे लेख तयार असतात. एकात मुस्लिम चित्रकाराने भारतीय तत्त्वज्ञान कसे आत्मसात केले याचे कौतुक असते, दुसऱ्यात त्याच गोष्टीबद्दल खंत. दोहोंतही चित्रकाराची जात आधी पाहिली जाते, चित्र मागाहून. वास्तविक रझा यांनी बिंदूची जी कथा स्वतः सांगितली आहे ती शाळेतली आहे. काकैया गावच्या प्राथमिक शाळेत नंदलाल झारिया गुरुजींनी या चंचल मुलाला भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. आपण सर्व शिक्षक आहोत. या गुरुजींनी काय केले ते आपल्याला विशेष कळावे. त्यांनी काय काढावे ते सांगितले नाही, पाहा म्हणून सांगितले.

परंतु या लेखापुरता बिंदूपेक्षा महत्त्वाचा आहे तो त्याआधीचा काळ. १९४८ मध्ये रझा काश्मिरात गेले. श्रीनगरमध्ये त्यांची छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. त्याने चित्रे पाहून सांगितले की रंग आहे, पण बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. अबुल हसनच्या चिनाराच्या मुलखात रझांना सेझान भेटावा, हा योगायोग गमतीचा आहे. सेझाननेही आपल्या गावच्या एका डोंगरासमोर आणि त्याच्या पाईन वृक्षांसमोर आयुष्य काढले होते. रझांनी सल्ला मानला आणि फ्रान्समधली त्यांची आरंभीची निसर्गचित्रे घट्ट बांधणीची झाली. १९५६ मध्ये त्यांना तिथला समीक्षकांचा पुरस्कारही मिळाला. त्या चित्रांत घरे आहेत, चर्च आहेत, झाडेही आहेत; मला ती हुशार पण परकी वाटतात.

खरा बदल साठच्या दशकात झाला. १९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथली रोथकोसारख्यांची चित्रे पाहिली, पुढे अ‍ॅक्रिलिक रंग हाती घेतले, आणि सत्तरच्या दशकात 'ला तेर' म्हणजे 'माती' या नावाची चित्रे आणि १९७२ चे 'तपोवन' आले. 'तपोवन' २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरना विकले गेले आणि वर्तमानपत्रांत आले ते त्या आकड्यामुळे. या चित्रांत झाड नाही. खोड नाही, फांदी नाही, पान तर नाहीच. गडद रंगांचे थर आहेत आणि त्यांतून मध्येच तांबडा किंवा पिवळा भडकतो. रझा लहानपणच्या रात्रीच्या जंगलाची भीती पुढे अनेकदा बोलून दाखवत. अंधारात जंगल कोठे संपते ते कळत नाही, आणि दिवस उजाडला, बाजार भरला की जीवात जीव येतो. या चित्रांत मला ती रात्र दिसते. जंगलात राहणाऱ्याला रात्री झाड दिसत नसते, झाडांच्या मधला काळोख दिसतो. रझांनी तो काळोख रंगवला. दूर फ्रान्समध्ये, पन्नाशीच्या वयात, त्यांनी काढलेले हे मंडल्याचे सर्वांत खरे चित्र आहे, असे माझे मत आहे.

याउलट उत्तरकाळातील 'अंकुरण' वगैरे चित्रांविषयी मला तेवढे बरे बोलता येत नाही. त्यांत बीज, अंकुर, वृक्ष यांच्या त्रिकोण-चौकोनी खुणा आहेत, क्वचित देवनागरी अक्षरेही आहेत. रंग स्वच्छ आहेत, मांडणी नेटकी आहे. परंतु येथे झाड पुन्हा एक चिन्ह झाले आहे; एकदा बसवलेला नमुना चित्रामागून चित्रात येतो. ज्यांना या चित्रांत साधनेची पुनरावृत्ती दिसते त्यांच्याशी माझा वाद नाही, पण जपमाळ आणि चित्र यांत फरक आहे. आमच्या मास्तरांचा हिरवा ढग आणि रझांचा उत्तरकाळातला त्रिकोण यांची तुलना करणे उद्धटपणाचे होईल. तरी दोन्हींत 'कोणते झाड?' हा प्रश्न विचारायला जागा नाही, हे खरे.

येथे माझ्या विवेचनातील एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मागे एकदा उर्दूच्या पदवी वर्गात 'मंजरनिगारी' म्हणजे निसर्गवर्णन शिकवताना मी या तिन्ही चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती वर्गात नेल्या होत्या. अबुल हसनच्या चिनाराजवळ मुले बराच वेळ थांबली, खारी मोजू लागली. आबालाल यांचे पाणी त्यांना आवडले. कोल्हापूरकडचा एक मुलगा रंकाळ्याचा कोपरा ओळखल्याच्या आनंदात होता. 'तपोवन' पाहिल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने माझाच प्रश्न मला विचारला, "सर, यात कोणतं झाड आहे?" मी म्हणालो, "साल. मंडल्याकडे सालाचं जंगल आहे." तिने चित्राकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "हे तुम्हाला चित्रातून कळलं, की त्यांच्या चरित्रातून?"

मी चरित्रातून, असे उत्तर दिले. तास संपल्यावर ती ते पान माझ्याकडून मागून घेऊन गेली.